हॅझर्ड लाइट लावले की फुटपाथ आपला होतो का? – आयर्लंडमधलं पार्किंग, गाडी आणि सायकल

कालवाकाठ (धागाकर्ती)

रॅथमाइन्सहून डब्लिन शहरात सकाळी साडेआठच्या सुमारास सायकलने या, म्हणजे मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. सायकलच्या पट्ट्यात एक गाडी, तिची डावी दोन चाकं फुटपाथवर चढवलेली, चारही इंडिकेटर लुकलुकत असलेले, आत कुणी नाही. थोडं पुढे गेलं की तशीच दुसरी. चालक कॉफी घेऊन येतो आणि तुम्ही नुसतं बघितलंत तरी म्हणतो, “दोनच मिनिटं थांबलो होतो.”

त्या दोन मिनिटांत माझ्यावर काय वेळ येते ते सांगते. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी. मला पट्टा सोडून बसच्या लेनमध्ये यावं लागतं. मान वळवून मागे बघायचं, उजवा हात दाखवायचा, त्याच वेळी एका हाताने हँडल धरायचं आणि कालव्यावरून येणारा वारा सायकल ढकलत असतो. मागून डबलडेकर. बसचालक बहुतेक वेळा थांबतात, त्यांचे आभारच आहेत. पण माझ्या मुलीची सुरक्षितता एका बसचालकाच्या सावधपणावर का अवलंबून असावी?

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, त्यांना जवळजवळ दिसत नाही. पांढरी काठी घेऊन रोज दुकानापर्यंत जातात. हल्लीच्या उंच गाड्या फुटपाथवर चढवलेल्या असल्या की काठी बंपरच्या खालून निसटते, काठीला काहीच लागत नाही आणि गाडीचा आरसा थेट त्यांच्या छातीवर किंवा खांद्यावर आदळतो. हे मी स्वतः पाहिलंय. आजोबा आरशाला हात लावून चाचपतात, मग गाडीच्या कडेकडेने, बॉनेटवर तळहात ठेवत रस्त्यावर उतरतात. रस्त्यावर! ज्याला वाहनं दिसत नाहीत त्याने वाहनांत उतरायचं, कारण डोळस माणसाला कॉफीसाठी पन्नास पावलं चालायची नाहीत.

कायदा आहे. फुटपाथ, सायकल ट्रॅक आणि बस लेनमध्ये गाडी लावण्याचा दंड फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० युरोंवरून ८० केला गेला. २८ दिवसांत भरला नाही तर १२०. अपंगांच्या जागेत लावली तर ८० चे १५० झाले. पण पावती फाडायला कुणी हजर असेल तेव्हाच ना. दोन मिनिटांत कोण येणार? हे प्रत्येक ‘दोन मिनिटं’वाल्याला पक्कं ठाऊक असतं.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे? गाडी, सायकल, पार्किंग, काहीही लिहा. पण मला खरंच जाणून घ्यायचंय की यावर काही करता येतं का.

दोन_चाकं

धागा काढल्याबद्दल आभार. शब्द न् शब्द पटला. सविस्तर रात्री लिहितो.

कोल्हापूर_ते_कॉर्क

कालवाकाठ, तुमच्या शेजारच्या आजोबांचं वाचून वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही मांडतो, राग मानू नका.

कॉर्कमध्ये नदीच्या उत्तरेकडच्या चढांवर ज्या जुन्या घरांच्या रांगा आहेत, त्या गाड्या यायच्या आधीच्या. घरापुढे अंगण नाही, दार उघडलं की फुटपाथ. आता प्रत्येक घरात एक गाडी, कुठे दोन. दोन्ही बाजूंना गाड्या पूर्ण रस्त्यावर लावल्या तर मधून अग्निशमनाचा बंब जाणार नाही. म्हणून सगळेच दोन चाकं वर चढवतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललंय. नव्याने राहायला आलेला माणूस बघतो, सगळे असंच लावतात, तोही लावतो. यात माज नाही, जागाच नाही. अशा गल्लीत एका बाजूचं पार्किंग बंद करायचं म्हटलं तर त्या बाजूच्या लोकांनी गाडी न्यायची कुठे, याचं उत्तर आधी द्यावं लागेल. शहराच्या दक्षिणेला ब्लॅक अ‍ॅशला गाडी लावून बसने आत येता येतं, पण ती सोय बाहेरून येणाऱ्यांसाठी. राहणाऱ्यांचं काय?

शाळेच्या दारातल्या पार्किंगला मात्र कसलीही सबब नाही. तिथे मी तुमच्या बाजूने आहे. आमच्या मुलाच्या शाळेबाहेर पेन्सिलीच्या आकाराचे रंगीत खांब बसवले, २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘सेफ रूट्स टू स्कूल’ योजनेतले. आधी फाटकाला गाडी चिकटवून मुलं उतरवायचे. आता खांबांमुळे चढवताच येत नाही. दंडाची पाटी कुणी वाचत नव्हतं, खांब सगळ्यांना दिसतो.

कालवाकाठ

राग कसला, मुद्दा बरोबर आहे. जुन्या गल्ल्या आणि कॉफीची गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य. खांबांचं वाचून बरं वाटलं.

रात्रपाळी

मी नर्स आहे. बारा तासांची पाळी. रविवारी सकाळी वेळेवर पोचवेल अशी बस आमच्या भागातून नाही, म्हणून गाडी. सायकलवाल्यांशी माझं भांडण नाही, माझा नवरा सायकलनेच जातो. पण ‘गाड्या कमी करा’ म्हणताना घरोघरी जाऊन वृद्धांची काळजी घेणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आणा. माझी मैत्रीण ते काम करते. एका घरी आजींना उठवायचं, आंघोळ घालायची, औषधं द्यायची, लगेच पुढचं घर. प्रत्येक घरापुढे परमिटवाल्यांचं पार्किंग. तिने गाडी कुठे लावायची? फुटपाथवर नको हे शंभर टक्के मान्य, पण तिला कायदेशीर जागा कुणीतरी द्यायला हवी. मालाच्या गाड्यांसाठी लोडिंग बे असतात, तिथे अर्धा तास थांबता येतं. माणसांची सेवा करणाऱ्यांसाठी तसं काही का नसावं?

क्लॅम्पबद्दल, म्हणजे गाडी हलू नये म्हणून चाकाला लावतात त्या कुलपाबद्दल लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आम्ही राहतो त्या संकुलात आमचंच पार्किंग, आमचंच परमिट. रात्रपाळी करून आले, झोपले, दुपारी उठून बघते तर पुढच्या चाकाला पिवळा क्लॅम्प. काय तर परमिट काचेवरून सुटून डॅशबोर्डवर उलटं पडलं होतं. १२५ युरो भरल्यावर सोडली. त्या दिवशी नवऱ्याला गाडीने विमानतळावर जायचं होतं, त्यामुळे वाद घालायला वेळच नव्हता.

पण पैसे भरले म्हणजे विषय संपला असं समजू नका. २०१५ चा क्लॅम्पिंगचा कायदा आहे आणि खासगी जागांनाही तो लागू आहे. क्लॅम्प लावणार असतील तर तशी पाटी, शुल्काच्या आकड्यासकट, लावणं बंधनकारक आहे. आधी क्लॅम्प लावणाऱ्या कंपनीकडे अपील करायचं. त्यांनी नाकारलं तर राष्ट्रीय वाहतूक प्राधिकरणाच्या म्हणजे एनटीएच्या अधिकाऱ्याकडे दुसरं अपील. मी क्लॅम्प सोडवायच्या आधीच काचेतून उलट्या परमिटचा फोटो काढला होता, त्यावरचा क्रमांक मागून दिसत होता. पहिल्या फेरीत नकार आला, दुसऱ्या फेरीत पैसे परत मिळाले. तेव्हा, कितीही घाई असली तरी आधी फोटो काढा. चाकाचा, काचेचा, पाटीचा, आणि पाटी नसेल तर पाटी नसलेल्या भिंतीचासुद्धा.

नवा_पुणेकर

सगळ्यांना नमस्कार. नुकतेच लिमरिकला आलोय. मी पुण्यात बारा वर्षं गाडी चालवलीय, इथेही डावीकडूनच चालवायचं म्हणून निर्धास्त होतो. आता कळतंय की लायसन्स बदलून मिळत नाही. आणि विम्याचे आकडे ऐकून तर झोप उडाली. जरा मार्गदर्शन कराल का? थोडं अवांतर आहे, क्षमस्व.

अ_ठाणेकर

@नवा_पुणेकर, अजिबात अवांतर नाही. आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येकाचा इथला पहिला वैताग हाच.

बदली लायसन्स काही ठरावीक देशांच्याच लोकांना मिळतं, त्यात भारत नाही. भारतातल्या लायसन्सवर जास्तीत जास्त १२ महिने चालवता येतं. त्यामुळे वर्ष संपायची वाट बघू नका, आल्या आल्या थिअरी टेस्टची तारीख घ्या. ४० प्रश्न, त्यातले ३५ बरोबर हवेत. मग लर्नर परमिट. नव्या माणसाला त्यानंतर १२ सक्तीचे धडे घ्यावे लागतात आणि सहा महिने थांबावं लागतं. तुमचं भारतातलं लायसन्स खरं आणि चालू असल्याचं पत्र आरटीओकडून आणलंत तर धडे सहाच होतात आणि सहा महिन्यांची अटही राहत नाही. हे पत्र पुण्यातल्या कुणाला तरी आजच मिळवायला सांगा.

लर्नर परमिट हातात आलं की मात्र तुम्ही लर्नर. पुढेमागे ‘एल’ची पाटी, मोटरवेवर बंदी, आणि किमान दोन वर्षं लायसन्स असलेला माणूस शेजारी बसलेला हवा. हे सक्तीने पाळा. २०१८ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर लर्नरला एकट्याला गाडी देणारा मालकही दोषी धरला जातो. नवरा लर्नर आणि गाडी बायकोच्या नावावर असेल तर दोघंही अडकतात.

परीक्षेबद्दल. आपली बारा वर्षांची सवय तिथेच नडते. गाडी चालवायला येते हे परीक्षक दहा मिनिटांत ओळखतो, पण तो बघत असतो तुम्ही कुठे बघता ते. प्रत्येक वळणाआधी आरसे, निघण्याआधी खांद्यावरून मान वळवून मागे, गोल चौकात शिरताना उजवीकडे. हे सगळं त्याला दिसेल असं करायचं. दुसरं म्हणजे फार हळू चालवलं तरी गुण जातात. ५० च्या रस्त्यावर मोकळं असताना ३५ ने रेंगाळलात तर ‘प्रोग्रेस’खाली चूक नोंदवतात. आपल्याकडे हळू म्हणजे सुरक्षित असं शिकवतात, इथे मोकळ्या रस्त्यावर मागच्यांना अडवणं हासुद्धा दोष. दुसऱ्या दर्जाच्या एकूण नऊ चुका झाल्या की नापास, आणि गंभीर चूक एकच पुरते.

गाडी कुणाचीही असो, कर, विमा आणि एनसीटी ही तिन्ही चालू तारखेची हवीत. एनसीटी म्हणजे गाडीची तपासणी. गाडी चार वर्षांची झाली की दर दोन वर्षांनी, दहा वर्षांची झाली की दर वर्षी.

विमा खरोखर महाग पडतो, कारण भारतातला नो क्लेमचा इतिहास बहुतेक कंपन्या धरतच नाहीत. माझ्या ओळखीच्यांपैकी बऱ्याच जणांनी सुरुवातीला जोडीदाराच्या पॉलिसीवर नाव घालून अनुभव जमवला. आणि एक, एम ५० वरचा, म्हणजे डब्लिनभोवतीच्या मोटरवेवरचा टोल. जंक्शन ६ आणि ७ च्या मध्ये. नाका नाही, फाटक नाही, फक्त वर कॅमेरे. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत स्वतः आठवणीने पैसे भरायचे, नाहीतर दंड वाढत जातो. विमानतळावर कुणाला आणायला जाल तेव्हा फोनवर गजर लावून ठेवा.

नवा_पुणेकर

अ_ठाणेकर, मनापासून आभार. आरटीओच्या पत्रासाठी भावाला आत्ताच मेसेज केला.

मेयोतला_पाऊस

तुम्ही सगळे शहरातले. पश्चिमेकडचंही ऐका.

मी वेस्टपोर्टच्या बाहेर राहतो. आमच्या घराकडे येणारा रस्ता एका गाडीच्या रुंदीचा आहे, मधोमध गवत उगवलेलं. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपणाची झाडी. अशा रस्त्यांवर कालपरवापर्यंत ८० ची पाटी होती. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला तर ४० सुद्धा जास्त वाटतात तिथे ८०! अखेर ७ फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांची मर्यादा ६० झाली. गावात पुष्कळांनी कुरकुर केली. मी तर म्हणतो फार आधी व्हायला हवं होतं.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण. पक्ष्यांची घरटी असतात म्हणून १ मार्च ते ३१ ऑगस्ट झाडी छाटायला कायद्याने मनाई आहे. रस्त्याच्या सुरक्षेसाठी सूट आहे, पण ते काम करायला कुणी येईपर्यंत जुलैत फांद्या रस्त्यावर आलेल्या असतात, आणि वळणापलीकडचं काहीच दिसत नाही. पक्षी वाचायला हवेत यात वादच नाही. त्यासाठी फेब्रुवारी संपायच्या आत वळणांवरची छाटणी नीट व्हायला हवी, ती बऱ्याच ठिकाणी होत नाही.

चांगलं सांगायचं तर माणसं. समोरासमोर आलं की ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे तो आपणहून मागे घेतो. शेजारून जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट वर होतं. ओळख असो नसो. आम्ही आलो तेव्हा मला वाटायचं हा माणूस मला ओळखतो की काय. आता माझंही बोट आपोआप वर जातं.

सायकलबद्दल मनातली खंत लिहितो. आमच्याकडे वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल ४२ किलोमीटरचा ग्रीनवे (सायकलस्वार आणि चालणाऱ्यांचा मार्ग) आहे, १९३७ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर बांधलेला. अप्रतिम! एका बाजूला समुद्र, दुसरीकडे डोंगर, मोटार नावाला नाही. लांबून लांबून लोक येतात. पण माझ्या घरापासून त्या ग्रीनवेपर्यंत सायकलने जायचं तर मोठ्या रस्त्याच्या कडेने जावं लागतं, जिथे कडाच नाही. म्हणून मुलांच्या सायकली गाडीच्या मागे बांधून ग्रीनवेवर नेतो. तिथे बघावं तर सगळ्यांच्या गाड्यांमागे सायकली बांधलेल्या. मुलांना शाळेत, मित्राकडे, दुकानात सायकलने जाता येत नाही, आणि रविवारी सायकल चालवायला गाडीने जावं लागतं. ग्रीनवे पर्यटकांसाठी झाला, तसे गावातल्या पोरांसाठी दोन-तीन किलोमीटरचे तुकडे कधी होणार?

कोल्हापूर_ते_कॉर्क

@मेयोतला_पाऊस, शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन.

दोन_चाकं

आता सविस्तर. हिवाळा तोंडावर आहे म्हणून नव्यांसाठी मुद्दाम लिहितोय.

डिसेंबरात डब्लिनमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑफिसातून निघतो तेव्हा मिट्ट काळोख, वर पाऊस, आणि समोरच्या गाड्यांच्या प्रकाशात ओला रस्ता नुसता चकाकत असतो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. नसेल तर २०१५ पासून ४० युरोंचा दंड आहे. सिग्नल तोडला तरी तोच. आपण गाडीवाल्यांना नियम सांगतो तर आपलेही पाळायलाच हवेत. माझ्या शेजारून लाल सिग्नलला सरळ निघून जाणारे सायकलस्वार बघून मला फार राग येतो, कारण त्यांचा हिशेब पुढच्या चौकात माझ्याकडून मागितला जातो.

लुआसचे रूळ. डिसेंबर २०१७ पासून ट्राम शहराच्या ऐन मध्यातून, ओकॉनेल स्ट्रीटवरून, डॉसन स्ट्रीटवरून जाते. सायकलचं चाक त्या खाचेत बरोब्बर बसतं. रूळ ओलांडायचे तर शक्य तितक्या काटकोनात, ब्रेक न लावता, हँडल सरळ ठेवून. ओले रूळ तिरके ओलांडायला गेलात की चाक घसरलंच. मागे गाडी चिकटलेली असेल तर काटकोनात वळायला जागाच मिळत नाही, म्हणून आधी हात दाखवून लेनच्या मध्यावर या. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

ओव्हरटेक करताना ५० पर्यंतच्या रस्त्यावर एक मीटर आणि त्याहून वेगाच्या रस्त्यावर दीड मीटर अंतर ठेवा असं चालकांना सांगितलं जातं. धोकादायक ओव्हरटेकला २०१९ पासून १२० युरो दंड आहे. या धाग्यावरच्या गाडी चालवणाऱ्यांना हात जोडून विनंती, तेवढं अंतर द्या. अर्ध्या मीटरवरून आरसा गेला की वाऱ्याच्या झोताने सायकल हलते, आणि घरी पोचेपर्यंत हात कापत असतात.

सायकल घ्यायची असेल तर ‘बाइक टू वर्क’ या नोकरदारांसाठीच्या करसवलतीच्या योजनेतून घ्या. साध्या सायकलला १२५० युरो, विजेच्या सायकलला १५०० पर्यंतच्या किमतीवर कर वाचतो. चार वर्षांतून एकदा. एचआरला विचारलं की झालं. घरी सायकल ठेवायला जागा नसेल तर डब्लिनबाइक्सची (शहरातल्या भाड्याच्या सायकलींची) वर्गणी भरा, दर वेळी पहिला अर्धा तास वेगळे पैसे पडत नाहीत. चोऱ्या भरपूर होतात, त्यामुळे स्वतःची सायकल बाहेर ठेवणार असाल तर दोन वेगवेगळ्या प्रकारची कुलपं लावा, आणि फ्रेम खांबाला बांधा, नुसतं चाक नाही.

@कोल्हापूर_ते_कॉर्क, जागेचा प्रश्न खरा आहे. पण फुटपाथ ही मोकळी पडलेली जागा नाही, ती आधीच कुणाला तरी दिलेली आहे. तडजोड करायची तर रस्त्याच्या वाट्यातून करा. चालणाऱ्यांकडे द्यायला आणखी काही उरलेलं नाही.

रात्रपाळी

@दोन_चाकं, शेवटचं वाक्य पटलं. आमच्या वॉर्डात फुटपाथवरून उतरताना पडलेल्या आजी येतात. खुब्याचं हाड मोडलं की त्या वयात पूर्वीसारखं चालणं बहुतेकांना परत जमत नाही.

कालवाकाठ

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांची आभारी आहे. ‘काही करता येतं का’ याचं उत्तर या काही दिवसांत थोडंफार शोधलंय, ते लिहिते.

धोकादायक चालवणं असेल तर गार्डांची, म्हणजे इथल्या पोलिसांची, ट्रॅफिक वॉच फोन लाइन आहे, जवळच्या गार्डा ठाण्यातही तक्रार देता येते. रोज एकाच ठिकाणी गाड्या लागत असतील तर मात्र एकेका गाडीमागे धावून उपयोग नाही. तिथे कॉर्कच्या शाळेसारखे खांबच हवेत. ते काम कौन्सिलचं, आणि कौन्सिलवर दबाव आणणारे म्हणजे आपले स्थानिक काउन्सिलर. त्यांच्या ईमेलना उत्तरं येतात, मला आलंय. जागा, वेळ आणि कुणाला त्रास होतो हे नेमकं लिहायचं. मी शेजारच्या आजोबांच्या परवानगीने त्यांच्याबद्दलही लिहिलं. जागेची पाहणी करू असं उत्तर आलंय.

सगळ्यात महत्त्वाचं, आपल्यापैकी खूप जणांना माहीत नसतं ते हे की स्थानिक निवडणुकीत मत द्यायला आयरिश नागरिकत्व लागत नाही. इथे राहणारा १८ वर्षांवरचा कुणीही, भारतीय पासपोर्टवरसुद्धा, काउन्सिलर निवडू शकतो. मागची निवडणूक जून २०२४ मध्ये झाली, पुढची २०२९ मध्ये. दर पाच वर्षांनी. यादीत नाव मात्र आपणच घालायचं असतं. काउन्सिलरला लिहिताना “मी तुमच्या भागातली मतदार आहे” एवढं पहिल्या ओळीत लिहिता येतं.

नवा_पुणेकर

हे खरंच माहीत नव्हतं. नाव घालायला काय लागतं? मी अजून लायसन्सच्याच कागदांत आहे.

कालवाकाठ

फार काही नाही. पीपीएस क्रमांक (इथला सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि घराचा एअरकोड (पोस्टाचा कोड). ऑनलाइन पाच-दहा मिनिटांचं काम. घर बदललं की पत्ता बदलायला विसरू नका, नाहीतर मत जुन्या भागात राहतं.

मेयोतला_पाऊस

आमची दोघांची नावं आज घातली. पहिली ईमेल ग्रीनवेपर्यंतच्या त्या दोन किलोमीटरांबद्दल लिहितोय. मसुदा इथे टाकतो, इंग्रजी कुणी तपासून द्याल का?

रात्रपाळी

टाका. उद्या सुट्टी आहे मला, बघून देते. माझीही एक ईमेल आहे, मैत्रिणीच्या पार्किंगची.